रोगानंतर फिशटँक धुताय? नवीन मासे त्याच दिवशी नेऊ नका

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"टाकी ब्लीचनं धुतली, वाळू बदलली, पाणी नवीन भरलं, तरी आणलेले मासे आठवड्याच्या आत गेले. रोग परत आला." ही तक्रार आमच्याकडे सारखी येते. अशा टाकीचं पाणी तपासल्यावर बहुतेक वेळा रोग सापडतच नाही, सापडतो तो माशांना विषारी अमोनिया. म्हणून हे पत्रक. टाकी धुण्याआधी एकदा वाचा, म्हणजे तुमचे मासे आणि पैसे दोन्ही वाचतील.

पहिला प्रश्न, टाकी धुवायची गरज आहे का? आजारी मासे जिवंत असतील तर नाही. मासे बादलीत काढायचे, टाकी लख्ख करायची आणि तेच मासे परत सोडायचे, याचा उपयोग शून्य, कारण रोग माशांच्या अंगावरच आहे. आधी उपचार पूर्ण करा. व्हाइट स्पॉटनं (अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीच्या रोगानं) सगळे मासे गेले असतील तरी ब्लीच लागत नाही. तो परजीवी माशाशिवाय जगत नाही. टाकी तशीच चालू ठेवा, हीटरवर पाणी २७-२८ अंशांवर ठेवा आणि आठ-दहा दिवस एकही मासा सोडू नका. थंडीत हीटर बंद असेल तर त्या परजीवीचं जीवनचक्र लांबतं, मग आठ-दहा दिवसांचा हिशोब चुकतो. फिल्टर चालू राहिल्यानं त्यातले अमोनिया संपवणारे चांगले जिवाणूही टिकतात. फक्त त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकत जा.

ब्लीच करायचं ते जखमा, शेपूट-पर कुजणं, तोंडावर कापसासारखा पांढरा थर अशा जिवाणूंच्या आजारात टाकी रिकामी झाली तर, किंवा मासे का मेले ते कळलंच नाही तर.

आता कृती. वाळू किंवा खडी टाकून द्या. ती स्वस्त आहे आणि तिच्या फटीत अडकलेली घाण क्लोरीन खाऊन टाकते. फिल्टरचा स्पंज आणि टाकीतलं लाकूडही टाकून द्या. काच आधी नुसत्या पाण्यानं घासून घ्या, कारण शेवाळ आणि चिकट थर राहिला तर त्याखालचे जंतू सुटतात. मग बिनवासाचं साधं लिक्विड ब्लीच घ्या. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के असेल, तर १० लिटर पाण्याला ५० मिली पुरतं. टाकी काठोकाठ भरा. त्यातच जाळी, सायफनची नळी, हीटर (प्लग काढून, गार झाल्यावर), प्लॅस्टिकची झाडं आणि एअर स्टोन बुडवा. तासभर ठेवा. बरेच जण टाकी चकाचक करतात आणि जुनी जाळी तशीच भिंतीला टांगून ठेवतात. रोग त्या जाळीतूनही परत येऊ शकतो. माशांसाठी वापरलेली बादलीही विसरू नका.

खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. साबण, फिनाइल, डेटॉल तर टाकीच्या जवळही नको, त्यांचा अंश सिलिकॉनच्या सांध्यात बसतो. उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. आणि सायफन तोंडानं ओढायची सवय आजच सोडा.

नंतर तीन-चार वेळा धुवा, पुन्हा पाणी भरून अँटी-क्लोरीन (पाण्यातला क्लोरीन घालवणारं द्रावण) घाला. बाटलीवरचा डोस नळाच्या पाण्यासाठी असतो, इथे त्याच्या तीन-चार पट घ्या. रात्रभर ठेवून ओता आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा.

एक अपवाद सांगायलाच हवा. मासे महिनोन्‌महिने खंगत गेले, पोट खपाटीला गेलं, पाठीचा कणा वाकला, तर माशांच्या टीबीचा संशय घ्या. त्याचा जंतू या प्रमाणातल्या ब्लीचनं खात्रीनं मरत नाही. काच ७० टक्के अल्कोहोलनं पुसून वाळवावी लागते, तीही घरातली आग आणि विजेची उपकरणं बंद ठेवून. बाकी सगळं सामान टाकून द्या. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, हा जंतू माणसाच्या कातडीतही शिरतो. टाकी लहान असेल तर ती बदलणंच बरं, असं आमचं मत आहे.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक काढलंय, ती. ब्लीच केलेली टाकी म्हणजे कोरी टाकी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. ब्लीचनं हे कामाचे जिवाणूही मेलेले असतात. नवी वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रविवारी सकाळी टाकी धुतली आणि संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडले, तर पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेतात. कल्ले लाल होतात. मग घरातले घाबरून औषध ओततात, त्यानं उरलेसुरले जिवाणूही जातात. असा एक मासा मेला की लोक पुन्हा टाकी ब्लीच करतात. हेच चक्र चालू राहतं.

म्हणून टाकी नुकतीच धुतली असेल तर आम्ही त्या दिवशी मासे देत नाही. काही जण नाराज होतात. "पैसे देतोय ना, मग?" असं म्हणून दुसरीकडून नेतात. त्यांचा राग समजतो, पण मरायला द्यायचे मासे आम्हाला विकायचे नाहीत. आमच्याकडे एक टाकी बिनमाशांची आहे, त्यात अमोनिया घालून नव्या स्पंजमध्ये हे कामाचे जिवाणू वाढवून ठेवतो. त्यात कधीच मासा जात नाही, त्यामुळे माशाकडून रोग यायचा प्रश्न नाही. तो स्पंज तुमच्या फिल्टरमध्ये बसवला तर थांबायचे आठवडे बरेच कमी होतात. त्याची किंमत घेतो, पाणी तपासायचे पैसे घेत नाही. टाकी आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालेल.

स्पंज बसवण्याआधी पाण्याला अँटी-क्लोरीन घाला. कोल्हापूर शहरात नळाला पंचगंगेचं पाणी येवो किंवा काळम्मावाडीचं, क्लोरीन असतोच आणि तो या जिवाणूंनाही सोडत नाही. पुढेही स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

जुनं पाणी मोरीत ओता. मेलेला किंवा आजारी मासा, नको झालेला सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा), यातलं काहीही रंकाळा किंवा कळंबा तलावात किंवा नदीत सोडू नका. सकर आपल्याकडच्या पाण्यात टिकतो, वाढतो आणि इथल्या माशांना त्रास देतो. नको असेल तर आमच्याकडे आणून द्या, आम्ही ठेवू.

थांबायचे आठवडे सरले की, मासे न्यायच्या आधी पाणी दाखवायला आणा. साबण न लागलेली छोटी बाटली टाकीच्याच पाण्यानं दोनदा विसळा, मधल्या थरातून भरा, झाकण घट्ट लावा आणि त्याच दिवशी आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी दोन-तीन मासे न्या. पुढचे पंधरा दिवसांनी.