कॅमेरा हटलाच नाही तर?

अमेरिकन चित्रकार आणि चित्रपटकार अँडी वॉरहॉल हाच रिअ‍ॅलिटी टीव्हीचा जनक, असं कधी कधी म्हटलं जातं. त्याच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओला सगळे 'फॅक्टरी' म्हणत. १९६४ ते १९६६ या काळात तिथे येणाऱ्या कितीतरी जणांना त्याने कॅमेऱ्यासमोर बसवलं. सूचना एवढीच: हलू नका, जमल्यास पापणीही लववू नका. आवाज नाही, संवाद नाही. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपे. चित्रण सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) होई, पण दाखवताना १६ चौकटींनीच. त्यामुळे पडद्यावर ते चार मिनिटांहून लांबे आणि ओठांची बारीक थरथरही दिसे. एवढा वेळ चेहऱ्यावरचा आव टिकवणं कठीणच. त्या बसलेल्यांपैकी अ‍ॅन ब्यूकॅनन मात्र डोळे न मिटता बसली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उघडं बुबुळ कोरडं पडू लागलं की शरीर आपोआप अश्रू सोडतं, त्याला दुःख लागत नाही. पाहणाऱ्याला मात्र ती रडतेय असंच वाटतं. रिअ‍ॅलिटी शोचं निम्मं तंत्र मला या एका रिळात दिसतं.

उरलेलं निम्मं म्हणजे पुनरावृत्ती. १९६२ मध्ये वॉरहॉलने एकाच कलाकृतीत मेरिलिन मन्रोचा चेहरा ५० वेळा छापला. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्त्स यांनी दाखवून दिलं, की अनोळखी चेहरे किंवा निरर्थक शब्द नुसते पुन्हा पुन्हा समोर आले तरी ते अधिक आवडू लागतात. त्यासाठी त्यांच्यात काही गुण असावा लागत नाही! 'प्रसिद्ध म्हणून प्रसिद्ध' माणसाचं भांडवल हेच.

वॉरहॉल आणि टीव्ही यांना जोडणारा एक थेट धागाही आहे. कॅलिफोर्नियातला लान्स लाउड शाळकरी वयातच वॉरहॉलशी पत्रव्यवहार करत असे. पुढे त्याच्याच कुटुंबावरची 'अ‍ॅन अमेरिकन फॅमिली' ही मालिका १९७३ मध्ये पीबीएस या अमेरिकन वाहिनीवर आली. रिअ‍ॅलिटी टीव्हीची पूर्वज मानतात ती हीच. लान्स त्यातून घराघरांत पोहोचला. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झालं, आणि त्याचाच वंश २०१८ मध्ये मराठी 'बिग बॉस'पर्यंत आला.

तरी वॉरहॉलला या सगळ्याचा जनक म्हणणं मला पटत नाही. लाउड कुटुंबाचं सुमारे ३०० तासांचं चित्रण कापून १२ भाग बनले. कोण भांडखोर, कोण बिचारा, हे संकलकाच्या टेबलावर ठरतं. वॉरहॉलने एका चित्रपटात एम्पायर स्टेट बिल्डिंग आठ तास दाखवली, तीही जवळपास काटछाट न करता. टीआरपीचे आकडे मात्र त्याने आवडीने वाचले असते.