शिकारी लपण : गोठलेल्या तळ्यावरील निवारा

जंगलात हरिणाच्या किंवा टर्की या रानपक्ष्याच्या नजरेआड बसण्यासाठी बनवलेला घडीचा कापडी आडोसा गोठलेल्या तळ्यावर उभारून, त्याच्या आत बसून बर्फाला पाडलेल्या छिद्रातून गळ टाकण्याची पद्धत अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि कॅनडाच्या दक्षिण भागात आढळते. अशा आडोशाला मराठीत ‘लपण’ हा नेमका शब्द आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचे लपण उरले नाही आणि तो शब्द आता पाणवठ्याकाठी बसणाऱ्या पक्षिनिरीक्षकांच्या व छायाचित्रकारांच्या तोंडी राहिला आहे. उत्तर अमेरिकेत मात्र लपण हे आजही शिकारीचेच साधन आहे.

या पद्धतीचे मूळ ऋतुमानात आहे. मिनेसोटात बंदुकीने हरिण मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात असतो, टर्कीचा वसंत ऋतूतील हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, आणि तळी साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात माणसाचा भार पेलण्याइतकी गोठलेली असतात. शिकाऱ्याचे लपण ज्या महिन्यांत घडी घालून पडलेले असते, त्याच महिन्यांत मासेमाराला आडोसा हवा असतो. शिकार आणि मासेमारी एकाच घरात चालत असल्याने बर्फासाठी वेगळा तंबू विकत घेण्याआधी हाताशी असलेले लपण वापरून पाहण्याचा विचार सहज सुचतो.

रचनेच्या दृष्टीने ही दोन साधने भावंडेच आहेत. आजच्या लपणाच्या चार भिंती आणि छप्पर अशा पाच पृष्ठभागांच्या मध्यभागी बैलगाडीच्या चाकाला असतो तसा एकेक तुंबा असतो आणि त्यातून फायबरग्लासच्या लवचीक काठ्या कोपऱ्यांकडे जातात. तुंब्याला बांधलेला पट्टा बाहेर ओढला की काठ्या वाकून ताणल्या जातात आणि भिंत फुगून ताठ उभी राहते. बर्फावरील मासेमारीसाठी मुद्दाम बनवलेल्या तंबूंचा एक मोठा वर्ग याच तत्त्वावर चालतो. साधारण दीड ते दोन मीटर लांबी-रुंदीचे लपण 7 ते 11 किलोग्रॅम वजनाचे असते व ते पाठीवर किंवा घसरगाडीवरून नेता येते. बहुतेक लपणांना तळ नसतो. पाचोळा बाजूला सारून शिकाऱ्याला आवाज न करता थेट जमिनीवर बसता यावे हा त्यामागील हेतू असतो, पण बर्फावर हीच गोष्ट कामी येते, कारण गिरमिटाने छिद्र पाडायला खालचा बर्फ उघडाच मिळतो.

लपणाचा खरा गुण त्याच्या आतील काळोखात आहे. माणसाची हालचाल बाहेरून दिसू नये म्हणून त्याच्या कापडाला आतून काळा थर दिलेला असतो. गोठलेल्या तळ्यावर या काळोखाचा परिणाम उलट दिशेने होतो. भोवतालच्या बर्फातून झिरपलेला दिवसाचा उजेड पाण्यात पसरतो, आत अंधार असल्याने छिद्रातील पाण्याच्या पृष्ठभागावर प्रतिबिंब पडत नाही, आणि ते छिद्र खालून उजळलेल्या हिरवट काचेसारखे दिसू लागते. पाणी नितळ आणि दोन-तीन मीटर खोल असेल, तर तळावरची वनस्पती, आमिषाजवळ येऊन थबकणारा यलो पर्च जातीचा मासा, त्याने आमिष तोंडात घेऊन पुन्हा बाहेर टाकणे, हे सारे डोळ्यांनी पाहता येते. फिकट कापडाच्या व मोठ्या पारदर्शक खिडक्यांच्या तंबूत हे सुख तितके मिळत नाही.

ही युक्ती नवी नाही. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या (ग्रेट लेक्स) प्रदेशातील ओजिब्वे आणि डाकोटा हे मूलनिवासी लोक बर्फावर पालथे पडून, डोक्यावर घोंगडी किंवा कातडे ओढून अंधार करत. लाकडात कोरलेला खोटा मासा छिद्रातून पाण्यात नाचवत आणि त्याकडे आलेल्या माशाला भाल्याने टिपत. त्याच परंपरेतून पुढे खिडक्या नसलेली लाकडी ‘डार्कहाउस’ आली, आणि मिनेसोटात परवाना घेऊन नॉर्दर्न पाइक या माशाची भाल्याने शिकार अशा काळोख्या खोपटातून आजही होते. खिडक्या बंद केलेले लपण म्हणजे या डार्कहाउसची कापडी आवृत्ती होय. तळ्यावर शिकारी लपण नेण्याच्या बाजूने देण्याजोगे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. पैशांची बचत हे त्यामानाने दुय्यम कारण ठरते.

लपणाचे दोष वाऱ्यापासून सुरू होतात. जंगलात झाडे वारा अडवतात, तर मिनेसोटातील मिल लॅक्ससारख्या 500 चौरस किलोमीटरहून मोठ्या तळ्यावर वाऱ्याला अडवणारे काहीही नसते. ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा लपणाच्या एका भिंतीवर ढोबळ हिशेबाने 20 ते 25 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो, म्हणजे लपणाच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक. मातीसाठी दिलेल्या बारीक खुंट्या बर्फात ठोकल्या तर वाकतात किंवा बर्फाचे टवके उडवतात. त्यामुळे फिरवून बसवायचे आट्यांचे बर्फखिळे आणि प्रत्येक भिंतीच्या तुंब्यापासून निघणारा तणावा ही सामग्री वेगळी घ्यावी लागते. खिळे नसतील तर बर्फात अरुंद छिद्र पाडून, दोराला बांधलेली काठी त्यातून खाली सोडून आडवी करतात आणि दोर ताणून घेतात. उभारणीचा क्रमही महत्त्वाचा आहे: वाऱ्याकडील कडा आधी बर्फाला जखडायची आणि मगच भिंती ओढून फुगवायच्या, उतरवताना ती कडा सर्वांत शेवटी सोडायची. हा क्रम चुकला तर लपण शिडासारखे वाऱ्याने भरते आणि हातातून सुटून तळ्यावर घरंगळत जाते.

दुसरा दोष गारव्याचा. हवेचे तापमान उणे 18 अंश सेल्सिअस असताना ताशी 24 किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या कातडीला तो गारठा उणे 28 अंशांसारखा जाणवतो. नुसता वारा अडवला तरी हा फरक नाहीसा होतो, आणि एवढे काम लपण नक्की करते. त्यापलीकडे ऊब धरून ठेवण्यासाठी ते बनलेले नाही. त्याचे कापड एकपदरी असते, बाण किंवा गोळी सोडण्यासाठी चहूबाजूंना खिडक्या असतात, आणि आवाज टाळण्यासाठी अनेक खिडक्यांना चेनऐवजी आकडे लावलेले असल्याने फटी राहतात. बर्फासाठीच्या खास तंबूला खालच्या कडेने बाहेर पसरणारी झालर असते व तिच्यावर हिम लोटून फट बुजवता येते. बहुतेक लपणांना ती नसते. म्हणून ताडपत्रीची वीतभर रुंदीची पट्टी कडेला शिवून घेणे, छपराला आतून रजईसारखे जाड कापड लावणे, नको असलेल्या खिडक्या कायमच्या बंद करणे असे फेरफार केले जातात. छपराचे अस्तर यांत विशेष उपयोगी पडते, कारण श्वासातील बाष्प थंड कापडावर गोठते आणि आत ऊब आली की त्याचे थेंब बसलेल्याच्या मानेवर टपकू लागतात.

ऊब आणण्यासाठी प्रोपेन वायूची शेगडी पेटवली की सर्वांत गंभीर धोका सुरू होतो. अपुऱ्या हवेत होणाऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची पहिली लक्षणे थंडीच्या थकव्यासारखीच वाटत असल्याने माणूस बेसावध राहतो. खास तंबूंना हवेसाठी झरोके ठेवलेले असतात. लपणाच्या बाबतीत, त्याच्या फटी बुजवणाऱ्यानेच एक झरोका खाली आणि एक वर आठवणीने उघडा ठेवला पाहिजे. ऑक्सिजन घटल्यावर आपोआप विझणारी शेगडी आणि बॅटरीवर चालणारे वायुसूचक यंत्र यांवाचून आत आग पेटवू नये, आणि कोळशाची शेगडी तर कधीही आत आणू नये. लपणाचे कापड आगीला दाद न देणारे असेलच असे नाही. शिवाय ओलसर चेन गोठून दार अडकू शकते, त्यामुळे कापड फाडता येईल अशी सुरी हाताजवळ ठेवणे हा शहाणपणा आहे.

जंगलात जी रंगसंगती लपवते, तीच तळ्यावर अडचणीची ठरते. पानाफांद्यांची तपकिरी नक्षी दिवसा पांढऱ्या बर्फावर उठून दिसते खरी, पण संध्याकाळी किंवा हिमवर्षावात ती अंधारात विरून जाते, आणि तळ्यावरून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या, वेगाने जात असतात. लपणाच्या चारही बाजूंना प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावणे त्यामुळे आवश्यक आहे. मिनेसोटात रात्रभर बर्फावर ठेवलेल्या निवाऱ्यांना त्या नियमानेच लावाव्या लागतात. बर्फाच्या जाडीविषयी त्याच राज्याच्या निसर्गसंपत्ती विभागाची सूचना अशी आहे की, पायी जाण्यासाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान 4 इंच, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर, आणि स्नोमोबाइलसाठी 5 ते 7 इंच जाड असावा. हिम मिसळलेला पांढरा बर्फ कमकुवत असल्याने त्याची जाडी दुप्पट धरावी.

लपण उतरवताना त्याची खालची कडा बर्फाला चिकटलेली आढळते, कारण आतील उबेने वितळलेले पाणी तिथे पुन्हा गोठलेले असते. ती ओढून काढली तर कापड फाटते; सुरुवातीलाच कडेखाली लाकडी पट्ट्या सरकवून ठेवल्या तर ही वेळ येत नाही. कडाक्याच्या थंडीत फायबरग्लासच्या काठ्या तडकू शकतात, म्हणून तुंबे झटक्याने न ढकलता सावकाश आत घ्यावे लागतात. घरी आणल्यावर लपण पुन्हा उघडून पूर्ण वाळवावे लागते, नाहीतर कापडाला बुरशी धरते. शिकाऱ्याची आणखी एक अडचण राहते. मासे आणि शेगडी यांचा वास कापडात मुरतो. टर्कीचे घ्राणेंद्रिय मंद असल्याने वसंतातील शिकारीला त्याचा उपद्रव होत नाही, पण हरिणाचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. म्हणून असे लपण पुढच्या हंगामाच्या कित्येक आठवडे आधी उघड्यावर, वाऱ्यापावसात मांडून ठेवावे लागते.