आजचा शब्द, आजचा जन्म, आजचा सुविचार: एका रकान्याची पार्श्वभूमी

एक नवा शब्द, आज कोणाचा जन्म झाला त्याची नोंद आणि खाली एक सुविचार. हे त्रिकूट इतकं अंगवळणी पडलंय की ते पहिल्यापासून एकत्रच नांदत असावं असं वाटतं. प्रत्यक्षात तिघांची घराणी वेगळी आणि वयंही वेगळी. त्यांची गाठ पडली ती तारखेमुळे. आणि थोडी कागदावर उरलेल्या मोकळ्या जागेमुळेही.

वयाने थोरला दिनविशेष. इ.स. 354 साली रोममध्ये फिलोकालस नावाच्या सुलेखनकाराने तयार केलेल्या एका सचित्र ग्रंथात सम्राटांच्या जन्मदिवसांची यादी आहे आणि ख्रिस्ती हुतात्म्यांचीही यादी आहे. फरक असा की हुतात्म्यांच्या तारखा दफनाच्या आहेत. ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्याच्या मृत्यूच्या दिवसालाच 'दिएस नातालिस', म्हणजे जन्मदिवस, म्हणत: स्वर्गातला जन्म. जयंती आणि पुण्यतिथी एकाच शब्दात! पुढे कित्येक शतकं चर्चच्या दिनसूच्यांत प्रामुख्याने पुण्यतिथ्याच होत्या. जन्माचा सण मोजक्यांच्याच वाट्याला आला: येशू, मेरी आणि बाप्तिस्मा देणारा योहान.

थोरामोठ्यांच्या जन्मतारखा पुढे मानाने नोंदल्या जाऊ लागल्या, पण त्या दिसतात तितक्या पक्क्या नसतात. शेक्सपिअरची जन्मतारीख कुठेच नोंदलेली नाही. 26 एप्रिल 1564 ही त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख, आणि 23 एप्रिल हा नंतरचा अंदाज. न्यूटन इंग्लंडच्या तेव्हाच्या कालगणनेनुसार 25 डिसेंबर 1642 रोजी जन्मला, आजच्या हिशेबाने 4 जानेवारी 1643 रोजी. जॉर्ज वॉशिंग्टनची तर नुसती तारीखच नव्हे, सालही बदललं. ब्रिटनने 1752 मध्ये नवं कॅलेंडर स्वीकारलं, 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला, वर्षारंभ 25 मार्चऐवजी 1 जानेवारीला ठरला; आणि 11 फेब्रुवारी 1731 चा जन्म 22 फेब्रुवारी 1732 चा झाला.

सुविचारांचं घराणं विद्वानांचं. इरॅस्मस या डच विद्वानाने 1500 साली 818 म्हणी-वचनांचा संग्रह छापला आणि तो आयुष्यभर वाढवत चार हजारांच्या पुढे नेला. पण वचनाला तारखेशेजारी बसवलं ते पंचांगवाल्यांनी. बेंजामिन फ्रँकलिनने 1732 च्या अखेरीस 'पुअर रिचर्ड्स अल्मनॅक' काढलं. त्यातल्या महत्त्वाच्या दिवसांच्या मधल्या मोकळ्या जागा आपण म्हणींनी भरल्या, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलंय. त्या म्हणी अनेक युगांच्या आणि देशांच्या आहेत, हेही. तरी लोकांनी त्या त्याच्याच नावावर चढवल्या. अवतरणांचा हा जुनाच रोग आहे. जॉन बार्टलेट या ग्रंथविक्रेत्याने 1855 मध्ये अमेरिकेत अवतरणकोश काढला, कोणतं वाक्य कोणाचं ते शोधायची सोय झाली, पण रोग काही हटला नाही. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन' या अर्थाचं वाक्य आजही व्होल्तेअर या फ्रेंच लेखकाच्या नावाने फिरतं. ते लिहिलं एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेने, 1906 मध्ये, व्होल्तेअरची वृत्ती सांगताना.

रोजचा शब्द हा या घरातला शेंडेफळ. तो शाळेतून कमी आणि 'शब्द वाढले की माणूस पुढे जातो' या विसाव्या शतकातल्या विश्वासातून जास्त आला. 1945 मध्ये रीडर्स डायजेस्टने शब्दसंपत्तीचं सदर सुरू केलं. ते लिहिणारे विल्फ्रेड फंक शब्दकोश छापणाऱ्या घराण्यातले, आणि सदराच्या नावातच शब्दसंग्रह वाढवणं फायद्याचं असल्याची ग्वाही होती. पण मासिक महिन्यातून एकदाच येणार. शब्द खऱ्या अर्थाने रोजचा झाला ईमेलमुळे. 1994 मध्ये अनु गर्ग या भारतीय विद्यार्थ्याने अमेरिकेत शिकत असताना रोज एक शब्द पाठवायला सुरुवात केली. त्या पत्रात शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती, वापराचं उदाहरण, आणि तळाशी एक विचार असतो; हल्ली बहुधा त्याच तारखेला जन्मलेल्या कोणाचा तरी.