तोंडाला खाज सुटली: परागाचं वावडं की अन्नाचं?

नोकरीसाठी जर्मनी-स्वीडनकडे गेलेल्या माणसाला दोन-चार वसंत काढल्यावर एप्रिलमध्ये शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात. मग एक दिवस सफरचंदाचा घास घेतल्याबरोबर ओठ, जीभ, टाळू खाजायला लागतात. तो घाबरून फळंच सोडतो. पण तेच सफरचंद केकमध्ये भाजलेलं असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही.

कारण त्याचं मूळ भांडण सफरचंदाशी नाहीच, बर्चच्या परागाशी आहे. (आपल्या हिमालयातलं भूर्ज याच कुळातलं झाड.) बर्चच्या परागातलं 'बेट व्ही १' हे प्रथिन आणि सफरचंदातलं 'माल डी १' दिसायला सख्खी भावंडं. परागासाठी शरीरानं तयार केलेली आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जी घडवणारी प्रथिनं) सफरचंदालाही पराग समजतात. चेरी, पीच, कच्चं गाजर, हेझलनट यांचंही तसंच. मात्र हे प्रथिन नाजूक असतं. उष्णतेनं ते बिघडतं, जठरातही लवकर तुटतं. म्हणून त्रास तोंडापुरता राहतो आणि बहुधा थोड्या वेळात शमतो.

शेंगदाण्याचं खरं वावडं वेगळं. तिथे शरीर थेट दाण्यावरच चिडलेलं असतं, बहुतेकदा लहानपणापासून. 'आरा एच २' हे दाण्यातलं साठवणीचं प्रथिन भाजून जात नाही, पचनरसालाही पुरून उरतं आणि रक्तापर्यंत पोहोचतं. मग अंगावर पित्त उठतं, उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. अशा माणसाला साबुदाण्याच्या खिचडीतलं चमचाभर कूटही जिवावर बेतू शकतं. 'थोडंसं खा, काही होत नाही' हा आग्रह तिथे कृपा करून करू नये. अशा वेळी मांडीत ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं; ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही.

घोटाळा होतो तो इथे: दोन्हींची सुरुवात तोंडाच्या खाजेनंच होऊ शकते. शिवाय शेंगदाण्यात 'आरा एच ८' नावाचं बर्चच्या प्रथिनाचं भावंडही असतं. म्हणजे दाणा खाऊन खाज सुटलेल्या दोन माणसांपैकी एकाला परागाचा त्रास असेल, दुसऱ्याला दाण्याचा. तपासणीत नुसतं 'शेंगदाणा पॉझिटिव्ह' आलं तर फारसं कळत नाही. कोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत हे दाखवणारी रक्ततपासणी डॉक्टरांकडे मागावी. 'शिजवून खाऊन बघू' हा प्रयोग घरी नकोच.

परागाचा प्रकार सौम्य म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. बर्चचं वावडं असलेल्यांना ग्लासभर सोया दूध एका दमात प्यायल्यावर तीव्र त्रास झालेला आहे. आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पीचची ॲलर्जी पुष्कळदा बर्चमुळे नसते. ती पीचच्या सालीत जास्त असलेल्या 'प्रू पी ३' या चिवट प्रथिनामुळे होते. ते शिजवूनही टिकतं.