पिंपावरचं लेबल: जे. जे. रुग्णालय, १९८६ आणि त्यानंतर

ग्लिसरॉल दिसायला पाण्यासारखं, हाताला तेलकट आणि चवीला नको इतकं गोड असतं. मेंदूला सूज आली असेल किंवा डोळ्यातला दाब वाढला असेल, तर एकेकाळी ते रुग्णाला तोंडाने पाजलं जाई. गोडी जिभेवर बसू नये म्हणून त्यात लिंबाचा किंवा संत्र्याचा रस घालायचा. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, सिस्टरने औंसाच्या ग्लासात मोजून द्यायचं साधं औषध. याच औषधाने जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा जणांचा जीव घेतला.

महाराष्ट्रात रुग्णसुरक्षेविषयी बोलायचं तर सुरुवात इथून करावी लागते. खरेदी, परवाने, तपासणी, राजकीय हस्तक्षेप आणि वॉर्डातली नोंदवही यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे त्या चौदा मृत्यूंनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने जितकं खोलात जाऊन मांडलं, तितकं आपल्याकडे आधी कुणी मांडलेलं नव्हतं.

झालं ते असं. न्यूरोसर्जरी आणि नेत्रविभागातल्या रुग्णांची लघवी अचानक बंद होऊ लागली. ज्यांच्या किडनीला कसलाही आजार नव्हता, अशांच्या किडन्या दोन-तीन दिवसांत निकामी होत होत्या. कुणी डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेलं, कुणी काचबिंदूसाठी. आजार वेगळे, वॉर्ड वेगळे, डॉक्टर वेगळे. सगळ्यांत समान होतं ते ग्लिसरॉल. तपासणीत त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, तेही सुमारे १८.५ टक्के.

डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात लागणारं रसायन आहे. ब्रेक ऑइल, रंग, छपाईची शाई, गाड्यांच्या रेडिएटरमधलं द्रव अशा ठिकाणी ते वापरलं जातं. तेही रंगहीन, घट्टसर आणि गोड. ग्लिसरॉलशेजारी ठेवलं तर डोळ्यांनी फरक कळत नाही, जिभेनेही नाही. शरीरात गेल्यावर त्याचं रूपांतर होऊन जे आम्ल तयार होतं, ते किडनीच्या पेशी मारतं. आधी मळमळ आणि उलट्या, मग लघवी बंद, मग गुंगी आणि शुद्ध हरपणं. शुद्ध औषधी ग्लिसरॉल महाग, हे रसायन स्वस्त. आजवरच्या जवळजवळ प्रत्येक दुर्घटनेच्या मुळाशी किमतीतली ही तफावत सापडते.

जगाला हे विष कळलं ते १९३७ मध्ये. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं जंतुनाशक पातळ औषधाच्या रूपात आणायचं ठरवलं. गोळी पाण्यात विरघळत नव्हती, डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळली. रासबेरीची चव घातली आणि बाटल्या बाजारात गेल्या. औषध विषारी आहे का, हे कुणी तपासलं नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती. शंभरावर माणसं गेली, त्यात चौतीस मुलं. खटला भरायची वेळ आली तेव्हा सरकारच्या हाती एकच कलम लागलं: बाटलीवर ‘एलिक्झर’ लिहिलं होतं आणि एलिक्झर म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, ते नव्हतं. म्हणजे गुन्हा ठरला तो चुकीच्या लेबलचा, माणसं मारल्याचा नव्हे. या नामुष्कीतून १९३८ चा अमेरिकी कायदा आला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर पडली.

आपल्याकडे सर रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३० च्या सुमारास औषधांच्या बाजाराची पाहणी केली होती. त्या शिफारशींच्या आधाराने १९४० चा औषध कायदा आला आणि १९४५ मध्ये नियम झाले. कायदा केंद्राचा, पण कारखान्याला परवाना देणं, दुकानं तपासणं, नमुने उचलणं हे काम राज्यांचं. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे सगळे ज्याला एफडीए म्हणतात त्याच्याकडे आहे. कामाची ही वाटणी लक्षात ठेवावी लागते, कारण पुढच्या बहुतेक प्रकरणांत गाडी तिथेच अडते.

जे. जे.च्या मृत्यूंनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. चूक कोणत्या सिस्टरची किंवा कोणत्या डॉक्टरची एवढंच विचारून लेंटिन थांबू शकले असते. ते थांबले नाहीत. औंसाच्या ग्लासापासून ते उलट्या दिशेने चालत गेले. ग्लास भरला वॉर्डातल्या बाटलीतून. बाटली आली औषध भांडारातून, इंडेंटवर, म्हणजे वॉर्डाच्या लेखी मागणीवर. भांडारात माल आला पुरवठादाराकडून. या पुरवठादाराला रुग्णालयाने कशाच्या आधारावर निवडलं? त्याच्याकडे माल कुठून आला? कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन (हे ग्लिसरॉलचंच दुसरं नाव) औषधी ग्लिसरीनच्या नावाने पुढे गेलं, तेव्हा ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेने काय केलं? प्रयोगशाळेला मान्यता कुणी दिली? आणि हे सगळं ज्याने पाहायचं, त्या एफडीएने काय पाहिलं?

प्रत्येक पायरीवर कागद होता, हे मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. इंडेंट होतं, बिल होतं, माल योग्य दर्जाचा असल्याचं प्रमाणपत्र होतं. सरकारी रुग्णालयाच्या भांडारात कधी गेला असाल तर आठवून पाहा: खोकी, कॅन, पिंपं, प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी, आणि टेबलावर दाबाच्या फाइलींमध्ये त्याच चिठ्ठ्यांच्या प्रती. भांडारपाल चिठ्ठी आणि बिल जुळवून पाहतो, बॅच नंबर नोंदवहीत उतरवतो, सही करतो. पिंपाचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहणं हे त्याचं काम नसतं आणि त्याची साधनंही त्याच्याकडे नसतात. वरच्याने तपासलं असणार, असं प्रत्येक जण धरून चालतो. १९८६ मध्ये वरच्यानेही तेच धरलं होतं.

लेंटिन यांचा अहवाल १९८७ च्या अखेरीस तयार झाला आणि १९८८ मध्ये लोकांसमोर आला. त्याची भाषा सरकारी अहवालांत सहसा न आढळणारी, थेट आणि संतापलेली होती. रुग्णालयातली खरेदी, एफडीएचे अधिकारी आणि मंत्री, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. एफडीएने एखाद्या कंपनीचा परवाना निलंबित केला की कंपनीला राज्य सरकारकडे अपील करता येतं. प्रत्यक्षात ते अपील मंत्र्यांच्या टेबलावर येतं. या वाटेने कारवाया कशा बोथट होतात, हे त्यांनी उघड केलं. अहवालानंतर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. मुंबईच्याच केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दुर्घटनेवर लिहिलं. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतिमत्तेच्या प्रश्नावर पुढे जी सातत्याने चळवळ चालवली, तिच्या आघाडीवरही पंड्या होते.

रुग्णसुरक्षा हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून जगात उभा राहिला तो या सुमारास आणि नंतर. १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मोठे अपघात कसे घडतात याची मांडणी केली. संकट अडवायला एकामागे एक भिंती असतात, प्रत्येक भिंतीला भोकं असतात आणि सगळी भोकं एका रेषेत आली की संकट आरपार जातं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रुग्णालयातल्या टाळता येण्याजोग्या चुकांमुळे त्या देशात वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज दिला आणि खळबळ उडाली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी आंतरराष्ट्रीय आघाडी उभारली. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. या साऱ्या अभ्यासाचा गाभा असलेला प्रश्न, ‘हे कुठे अडवता आलं असतं?’, लेंटिन यांनी रीझन यांच्या मांडणीच्या आधीच, एका न्यायाधीशाच्या साध्या तर्काने विचारला होता.

त्यांचा अहवाल मात्र महाराष्ट्राबाहेर फारसा गेला नाही आणि विष थांबलं नाही. बांगलादेशात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पॅरासिटामॉलच्या सिरपमुळे मुलं दगावत होती. ढाक्यातल्या अभ्यासात किडनी निकामी झालेल्या ३३९ मुलांपैकी २३६ गेल्याची नोंद आहे. हैतीत १९९६ मध्ये ऐंशीहून अधिक मुलं गेली. १९९८ मध्ये गुडगावातली मुलं दिल्लीच्या रुग्णालयांत आली, छत्तीसपैकी तेहेतीस वाचली नाहीत. खोकल्याच्या औषधात १७.५ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल होतं, जे. जे.तल्या प्रमाणाच्या अगदी जवळ.

पनामातलं २००६ चं प्रकरण तर लेंटिन यांच्या वाटेने चालल्यावर जसंच्या तसं उलगडतं. चीनमधल्या कारखान्यातून ग्लिसरीन म्हणून निघालेली पिंपं स्पेनमार्गे पनामाला पोहोचली आणि तिथे सरकारी यंत्रणेनेच त्यातून खोकल्याचं औषध बनवलं. वाटेत हात बदलले तसं प्रमाणपत्र नव्याने उतरवलं गेलं, नावं बदलली, मूळ उत्पादकाचा पत्ता गळून गेला, मुदतीची तारीखही बदलली. पिंप उघडून तपासलं कुणीच नाही. शंभरावर माणसं गेली. त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, सांगितलं की ग्लिसरीनची प्रत्येक खेप औषधात घालण्याआधी या विषासाठी तपासा, पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

आपल्या देशात बदल झाले, पण तुकड्यातुकड्यांनी. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. तिथे आलेल्या बॅचचा नमुना नाव झाकून, सांकेतिक क्रमांक टाकून प्रयोगशाळेत जातो, म्हणजे माल कोणाचा हे तपासणाऱ्याला कळत नाही. इतक्या साध्या युक्तीने प्रमाणपत्र विकत घेण्याची वाट बरीच अरुंद होते. पुढे अनेक राज्यांनी हा नमुना घेतला. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांची खरेदी २०१७ मध्ये हाफकिन या राज्य सरकारच्या महामंडळाकडे सोपवली गेली. औषधं वेळेवर न मिळण्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आणलं गेलं. केंद्रात डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये बनावट औषधांवर अहवाल दिला. त्यातल्या कडक शिक्षांच्या शिफारशी २००८ च्या दुरुस्तीत आल्या. परवाने देशभर एका मजबूत केंद्रीय प्राधिकरणाकडे असावेत ही शिफारस मात्र प्रत्यक्षात आली नाही. माझ्या मते शिक्षा वाढवण्यापेक्षा हीच शिफारस मोलाची होती. शिक्षा होते ती मूल गेल्यावर, परवाना तपासता येतो त्याच्या आधी.

२०१९ च्या अखेरीस जम्मूतल्या रामनगरमध्ये हिमाचलात बनलेल्या सिरपने मुलं दगावली. २०२२ मध्ये गाम्बियात सत्तरच्या आसपास मुलं गेली, जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय बनावटीच्या सिरपबद्दल इशारा दिला, पाठोपाठ उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या मुलांच्या बाटलीसाठी तशी अट तेव्हा घातली गेली नाही. हा भेद करताना सरकारला काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे आणि मला त्याचं समर्थन सापडलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून, मुख्यतः परासिया भागातून, लघवी बंद झालेली मुलं उपचारासाठी नागपुरात येऊ लागली. साधा ताप आणि खोकला होता म्हणून सिरप दिलेलं. वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली बरीचशी नागपुरातल्या रुग्णालयांत. सिरप बनलं होतं तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात. परवाना एका राज्याचा, विक्री दुसऱ्या राज्यात, मृत्यू तिसऱ्या राज्यात. अटक आधी झाली ती सिरप लिहून देणाऱ्या डॉक्टरांना, कारखान्याच्या मालकाला नंतर.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाचा निष्कर्ष आला. बाटलीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल होतं, जवळजवळ निम्मं. औषधी दर्जाचा नसलेला प्रोपिलीन ग्लायकॉल (औषध विरघळवायला वापरलं जाणारं द्रव) सिरपसाठी विकत घेतला गेला होता, असं कारखान्याच्या तपासणीत नोंदलं गेलं. नमुना उचलल्यापासून हा आकडा हाती यायला मोजके दिवस लागले.