दर महिन्याला बाहेर पडतं ते ओव्हम नाहीच! सेकंडरी ऊसाइट आणि ओव्हमचा घोळ

परवा भाचीने मॉक टेस्टच्या पेपरचा फोटो पाठवला. प्रश्न अगदी साधा होता, ओव्ह्युलेशनच्या वेळी (दर महिन्याला बीजपेशी सुटते तेव्हा) ओव्हरीतून, म्हणजे अंडाशयातून, काय बाहेर पडतं. हिने ओव्हमवर (पूर्ण तयार बीजांड) टिक केलेली, आन्सर की मध्ये सेकंडरी ऊसाइट (त्याच्या आधीची, अजून अपुरी पेशी), आणि खाली मेसेज, "मामा, की चुकलीये ना? पुस्तकात तर ओव्हम आहे." नीटच्या हिशोबाने मिळणारे ४ गेले वर मायनस १, म्हणजे ५ मार्कांचा फटका, त्यामुळे बाईसाहेब तापलेल्या.

की बरोबर होती. पण पोरीलाही दोष देता येत नाही, कारण पाठ्यपुस्तकातच एका जागी सेकंडरी ऊसाइट लिहून शेजारी कंसात ओव्हम टाकून दिलंय. आणि बोलताना तर आपण सगळ्यालाच अंडं म्हणतो, मग पोरांनी फरक करायचा कसा?

तर सुरुवात थोडी मागून करू, कारण हा सगळा प्रकार कोण कुठे अडकून बसलंय याचा आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या ओव्हरीत ऊगोनिया (ऊसाइटच्या मूळ पेशी) तयार होतात, लाखोंच्या घरात, आणि जन्मानंतर नवीन एकही भर पडत नाही. त्या मायोसिस (क्रोमोसोमची संख्या निम्मी करणारं, दोन टप्प्यांचं विभाजन) सुरू करतात आणि पहिल्याच प्रोफेजला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीलाच, ब्रेक लावून बसतात, हे झाले प्रायमरी ऊसाइट. वयात येईपर्यंत त्यातले बरेचसे मरून जातात आणि प्रत्येक ओव्हरीत ६०,००० ते ८०,००० प्रायमरी फॉलिकल (प्रत्येकात एक प्रायमरी ऊसाइट असलेल्या पिशव्या) उरतात. आता गंमत बघा, वयाच्या चाळिशीत जो ऊसाइट बाहेर येतो तो चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याच प्रोफेजमध्ये थांबलेला असतो. आईचं वय वाढलं की डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढते ती याचमुळे असं मानतात, इतकी वर्षं क्रोमोसोम एकमेकांना धरून बसले की ती पकड सैल होते आणि मग वाटणी चुकते.

पुढे पाळीच्या साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास एलएच हे हार्मोन एकदम उसळतं आणि प्रायमरी ऊसाइटचा ब्रेक सुटतो. पहिली मायोसिस पूर्ण होते, पण वाटणी समसमान अजिबात नाही. पोळ्या करताना कणकेचा एवढा मोठा गोळा हातात आहे आणि आपण त्याची फक्त चिमूटभर कणीक तोडून बाजूला ठेवली असं समजा. मोठा गोळा सेकंडरी ऊसाइट, चिमूट म्हणजे पहिली पोलर बॉडी. क्रोमोसोम दोघांना सारखेच मिळतात हां, २३-२३, सायटोप्लाझम (पेशीतला बाकीचा ऐवज) मात्र जवळपास सगळं एकीकडेच, कारण पुढचे काही दिवस गर्भाला त्याच शिदोरीवर काढायचे असतात.

मग हा सेकंडरी ऊसाइट लगेच दुसरी मायोसिस सुरू करतो आणि मेटाफेज २ ला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर, परत ब्रेक! याच अवस्थेत ग्राफियन फॉलिकल (पूर्ण वाढलेलं फॉलिकल) फुटतं आणि तो बाहेर पडतो, भोवती झोना पेल्युसिडा हे कवच, त्याबाहेर कोरोना रेडिएटाच्या पेशी. म्हणजे बाहेर पडणारी पेशी अजून अर्धवट आहे, तिचं एक विभाजन बाकी आहे.

ते पूर्ण कधी होतं? स्पर्म आत शिरल्यावरच. फॅलोपियन ट्यूबच्या अँप्युला भागात स्पर्म आत आला की पेशीत कॅल्शियमच्या लाटा उठतात, त्याने मेटाफेजचा ब्रेक निघतो, दुसरी पोलर बॉडी बाहेर फेकली जाते आणि जे उरतं ते ओव्हम. आता इथे जरा थांबून विचार करा, ओव्हम तयार होतं तेव्हा स्पर्म आधीच आत येऊन बसलेला असतो. म्हणजे माणसात एकटं, फर्टिलाइझ न झालेलं ओव्हम असं काही सापडतच नाही! स्पर्म आलाच नाही तर सेकंडरी ऊसाइट १२ ते २४ तासांत खराब होतो, तो कधीच ओव्हम होत नाही. हा नियम सगळ्या प्राण्यांना नाही बरं का, सी अर्चिनचं अंडं दोन्ही मायोसिस उरकून मग स्पर्मची वाट बघतं, आणि कुत्रीच्या ओव्हरीतून तर प्रायमरी ऊसाइटच बाहेर पडतो. माणसाचं मधलंच.

पेपर काढणारे अडकवतात ते क्रोमोसोमच्या आकड्यात. दोन्ही हॅप्लॉइड (क्रोमोसोमचा एकच संच), दोन्हीत क्रोमोसोम २३, मग फरक काय? फरक क्रोमॅटिडचा, म्हणजे क्रोमोसोमच्या जुळ्या प्रतींचा. सेकंडरी ऊसाइटच्या प्रत्येक क्रोमोसोमला दोन क्रोमॅटिड, म्हणजे एकूण ४६, आणि ओव्हमच्या स्वतःच्या न्यूक्लियसमध्ये फक्त २३. डीएनए निम्मा झाला, क्रोमोसोमची संख्या तीच राहिली. "हॅप्लॉइड आहे म्हणजे मायोसिस संपली" हे गृहीत धरलंत की गेलात.

आकृती ओळखायची असेल तर पोलर बॉडी मोजा. झोनाच्या आत एकच दिसली तर सेकंडरी ऊसाइट, दुसरीही दिसली तर स्पर्म येऊन गेलाय. (पहिली कधी कधी विरून जाते किंवा तिचे तुकडे होतात, पण परीक्षेच्या आकृतीत एवढं कोणी छळत नाही.) आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) लॅबमध्येही अगदी हेच बघतात. पहिली पोलर बॉडी दिसली की ऊसाइट मॅच्युअर आहे, इक्सी (सुईने एक स्पर्म थेट ऊसाइटमध्ये सोडणं) करायला चालेल, आणि इंजेक्शननंतर साधारण १६ ते १८ तासांनी दोन प्रोन्यूक्लियस (एक स्पर्मचं, एक ओव्हमचं केंद्रक) दिसले की फर्टिलायझेशन झालं. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली तेव्हा इक्सी आलेलं नव्हतं, स्पर्म आपापला आत शिरायचा, पण ब्रेक उघडायची पद्धत तीच.

मी भाचीला एक गणित घातलं. एका बाईच्या आयुष्यात ४०० वेळा ओव्ह्युलेशन झालं, दर वेळी एकच ऊसाइट, आणि त्यातले फक्त २ फर्टिलाइझ झाले असं धर, तर सेकंडरी ऊसाइट किती बाहेर पडले आणि ओव्हम किती बनले? उत्तर ४०० आणि २. पोलर बॉडी? ४०० पहिल्या, २ दुसऱ्या. तिने आधी ४०० आणि ४०० लिहिलं होतं, मग स्वतःच खोडलं.

तासाभराने परत मेसेज, "मग पिरियडमध्ये बाहेर जातं ते काय?" ते गर्भाशयाचं अस्तर आणि रक्त गं. ऊसाइट तोवर कधीचाच विरून गेलेला असतो, पाळी यायच्या जवळपास दोन आठवडे आधी.