ट्रान्सफर (फुटबॉल)

ट्रान्सफर म्हणजे फुटबॉलपटूची नोंदणी एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाणं. बोलताना आपण 'खेळाडू विकला', 'खेळाडू घेतला' म्हणतो, पण विकली जाते ती नोंदणी, माणूस नाही. आणि हा फरक साधा नाहीये, चाहत्यांचे निम्मे वाद इथेच येऊन अडतात: करार बाकी असताना जायचं म्हणणारा खेळाडू गद्दार, की नोकरी बदलणारा माणूस?

ही पद्धत कधीपासूनची यावर दोन मतं आहेत. काही जण १८८५ धरतात, कारण त्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला मान्यता दिली आणि खेळाडूची नोंदणी आली. पण नोंदणी आली म्हणून ट्रान्सफर आली असं होत नाही, कारण हंगाम संपला की खेळाडू मोकळाच असायचा. खरी गाठ बसली ती १८९३ च्या सुमारास, फुटबॉल लीगच्या 'रिटेन अँड ट्रान्सफर' नियमाने. करार संपला तरी जुना क्लब सोडत नाही तोवर लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळायचं नाही, आणि सोडायचे पैसे क्लब मागणार. त्यामुळे १८९३ च जास्त पटतं. १०० पौंडांची पहिली ट्रान्सफर म्हणून विली ग्रोव्ह्जची सांगतात, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ॲस्टन व्हिलाकडे, तीही साधारण याच काळातली. १९०५ मध्ये आल्फ कॉमन सन्डरलंडहून मिडल्सब्रोला १००० पौंडांना गेला तेव्हा पेपरांतून केवढी ओरड झाली होती, म्हणजे 'एवढे पैसे कशाला' हा वाद आजचा नाही.

सगळं बॉसमन या बेल्जियन खेळाडूने बदललं असं सर्रास बोललं जातं, त्यात तथ्य आहे पण पाया जॉर्ज ईस्टहॅम या इंग्लिश खेळाडूचा. न्यूकॅसल क्लब त्याला सोडत नव्हता म्हणून तो खेळायचाच थांबला, शेवटी आर्सेनलला गेला, तरी खटला मागे घेतला नाही आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावर खेळाडूला अडकवून ठेवणं हे त्याच्या कामधंद्यावरचं गैरवाजवी बंधन ठरवलं. करार संपल्यावरही क्लब मागायचा ती फी मात्र राहिली. ती गेली १५ डिसेंबर १९९५ ला. बेल्जियमच्या लिएज क्लबने करार संपताना बॉसमनला आधीच्या पगाराच्या साधारण चौथा हिस्सा देऊ केला, त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं, तेही होऊ दिलं नाही. युरोपीय न्यायालयाने म्हटलं की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपियन युनियनमध्ये फी मागता येणार नाही, शिवाय संघात युनियनमधल्या दुसऱ्या देशांचे किती खेळाडू घ्यायचे यावरची मर्यादाही गेली. ठरलेल्या मुदतीतच व्यवहार करायचे ही 'विंडो' जगभर सक्तीची झाली ती २००२-०३ पासून.

आता चाहत्याला अकाउंट्सही कळावं लागतं, कारण फी कराराच्या वर्षांत समान वाटून दाखवतात. १०० मिलियनचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर हिशोबात वर्षाला २० मिलियन पडतात, आठ वर्षांच्या करारावर साडेबाराच. इंग्लंडच्या चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिक या युक्रेनियन खेळाडूला साडेआठ वर्षांचा करार दिला तो या गणितामुळे, मग युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) त्याच वर्षी हिशोबासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली. याची दुसरी बाजू जास्त लागते. अकॅडमीत वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे विकला की सगळा नफा. लहानपणापासून चेल्सीत असलेला कॉनर गॅलाघर २०२४ मध्ये स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदला गेला तेव्हा चाहते चिडले ते याचसाठी, ज्या पोराला आपण 'आपला' म्हणतो तोच विकायला सगळ्यात सोयीचा ठरतो, आणि हा राग रास्त आहे. पोर घडवणाऱ्या क्लबांसाठी नियमात थोडी सोय आहे: कराराची मुदत बाकी असताना खेळाडू दुसऱ्या देशात गेला तर फीतले ५ टक्के त्याच्या १२ ते २३ वयातल्या क्लबांमध्ये वाटले जातात. २०१७ मध्ये नेमार २२२ मिलियन युरोंना पॅरिसला गेला तेव्हा तो जिथे घडला त्या ब्राझीलच्या सँटोस क्लबचाही त्यात वाटा होता.

चाहत्यांचा राग किती टोकाला जातो हे सांगायला लुईस फिगोचं उदाहरण कायम देतात. २००० मध्ये तो बार्सिलोनाहून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रिअल माद्रिदला गेला, फ्लोरेंतिनो पेरेझ रिअलच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याला आणायचा शब्द देऊन बसले होते आणि रिलीज क्लॉजचे (करारात आधीच लिहिलेल्या सुटकेच्या रकमेचे) पैसे भरले की बार्सिलोनाला अडवताही येत नव्हतं. नोव्हेंबर २००२ मध्ये बार्सिलोनाच्या कँप नो मैदानावर तो कॉर्नर घ्यायला गेला की बाटल्या, लायटर, नाणी, जे हाताला लागेल ते येत होतं, गवतावर डुकराचं मुंडकं पडलेलं, रेफ्रीने दोन्ही संघ आत नेले, सामना ०-० सुटला. कायद्याने फिगोची काही चूक नव्हती.

भारतात कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगालचे लोक सही होईपर्यंत खेळाडू लपवून ठेवायचे. कोल्हापुरात हंगामाआधी केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडू नोंदणी सुरू झाली की शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत चर्चा तीच, कोण पाटाकडील तालीम मंडळाकडे गेला, कोण शिवाजी तरुण मंडळात आला, बाहेरचे खेळाडू आणले तर पेठेतल्या पोरांनी बाकावर बसायचं का.